खिळ्यांवरचं सूत

नरसय्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मिलच्या तपासणी-खोलीत यंत्राला सुताची लडी लावून उभा होतो. लडी ताणली, तुटली, आणि किती पौंडांवर तुटली ते बघायचंच राहून गेलं… ही खोली त्याची. पौंडांच्या आकड्यांचे खिळे भिंतीवर ओळीनं त्यानंच ठोकलेले. लडी ज्या आकड्यावर तुटेल, त्या खिळ्याला ती अडकवायची. संध्याकाळपर्यंत मधल्या खिळ्यांवर भरगच्च झुपके, कडांना विरळ. साहेब सरासरी तेवढी विचारून निघून जायचे आणि हा भडकायचा. "सरासरी घिऊन काय चाटायचंय? सूत कसं पसरलंय ते बघा की!" एकदा एका कंटाळलेल्या जोडीदारानं न तपासताच लडी अडकवल्या, साऱ्या एकाच खिळ्यावर. नरसय्यानं दारातूनच ओळखलं. "खरं माप असं शिस्तीत उभं ऱ्हात न्हाय," म्हणाला आणि हसत सुटला.

मग त्याला क्षयानं धरलं. घरी खाटेसमोर त्यानं तसेच खिळे ठोकले, तापाच्या अंशांचे. रोज थर्मामीटर बघायचा आणि त्या अंशाच्या खिळ्याला एक धागा बांधायचा. एखाद्या दिवशी ताप कमी निघाला की त्याची बायको, अंबूवहिनी, देवापुढं साखर ठेवायच्या. तो मात्र भिंतीकडे बघत राहायचा. झुपका हळूहळू चढत्या अंशांकडे सरकत होता. मला ते बघवत नसे.

पुढं त्याचा हात उचलेना. थर्मामीटर वहिनी बघू लागल्या, धागेही त्याच बांधू लागल्या. मी शेवटचा भेटलो तेव्हा नवे धागे सगळे खालच्या अंशावर होते… सगळे एकाच खिळ्यावर. त्याचा हात हातात घेतला तर चटका बसावा इतका कढत. मी काही बोलणार, तोच त्यानं माझी बोटं दाबली. "ताप उतरतोय की," चुलीपाशी ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. चुलीपाशी वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

परवा गेलो. खाट हलवली होती. वहिनी भिंतीपाशी उभ्या राहून त्या झुपक्यातला एकेक धागा सोडवून वरच्या अंशांच्या खिळ्यांवर बांधत होत्या. खरे आकडे त्यांना सगळे पाठ होते.

"फसवलं की मी त्यास्नी, भावजी. आता तरी खरं लावते."

"त्याला कळलं होतं, वहिनी. पहिल्यापासून."

वहिनींनी वरच्या खिळ्याला नुकतीच मारलेली गाठ सोडवली. "मग राहू द्या हितंच," म्हणाल्या, आणि हातातला धागा त्यांनी परत खालच्या खिळ्याला बांधला.