खोबरेल प्यायलेला रणगाडा

छोट्या रणगाड्याच्या पट्ट्यांना मी खोबरेल तेल लावलं.

रणगाडा वीतभर लांब, सासऱ्यांसाठी बनवलेला. सासरे फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. मॉडेलच्या खोक्यात आलेले रबरी पट्टे त्यांना दाखवले, तर म्हणाले, "ही चेन नाय, हे इलॅस्टिक हाय." मग मी रेझिनच्या, म्हणजे ओतीव प्लास्टिकच्या, सुट्या कड्या मागवल्या. तांदळाच्या दाण्याएवढी कडी, ती केसासारख्या तारेने पुढच्या कडीला जोडायची. रणगाडा ढकलला की पट्टा खराखुरा फिरतो. महाडात, माझ्या घरी, भर दुपारी, फिरलाही. फक्त जरा करकरत होता. शिलाई मशीनचं तेल संपलेलं, कपाटात बायकोची खोबरेलची बाटली. कोकणी माणूस यापुढे विचार करत नाही.

सासरे पोलादपूरच्या पुढे, घाटाखालच्या वाडीत राहतात. फौजेत त्यांच्याच रणगाड्यावर असलेला जोडीदार, तोफ चालवणारा, बऱ्याच वर्षांनी भेटायला येणार होता. सासऱ्यांनी त्याला फोनवर सांगून ठेवलं होतं, "चेन फिरते. नाय फिरली तर नाव बदलीन." तो नुसता हसला म्हणे.

थंडीचे दिवस. सकाळीच मोटारसायकलवरून पोचलो, रणगाडा टेबलावर ठेवला आणि न्हाणीत तोंड धुवायला गेलो. कोनाड्यात खोबरेलची बाटली होती. आतलं तेल तुपासारखं पांढरं, गोठलेलं. पट्ट्यांनाही हेच लावलेलं.

तसाच ओल्या तोंडाने बाहेर धावलो. जोडीदाराचं बोट रणगाड्याच्या मागे टेकलेलं. त्याने ढकललं. रणगाडा विटेसारखा घसरला. चाकं फिरलीच नाहीत.

"फिरते होय?" तो सासऱ्यांना म्हणाला.

जोर लावला तर तारा तुटणार, हे मला एकट्यालाच माहीत.

"जरा ऊन येऊ द्या," मी म्हणालो.

"टँकला थंडी वाजते काय?"

"नवीन आहे ना."

रणगाडा उचलून मी स्वेटरच्या आत, काखेत धरला. चुलीजवळ नेला असता तर रेझिन वाकडं झालं असतं. जोडीदार माझ्याकडे टक लावून बघत होता. सासरे मात्र स्वतःच्या चपलांकडे. या माणसाने मान खाली घातलेली मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती, आणि ती माझ्यामुळे होती. काख गच्च आवळली.

ऊब लागल्यावर शेवटी टेबलावर ठेवला. या वेळी सासऱ्यांनीच बोट लावलं, अगदी हलकं. कट् असा आवाज झाला. पण तार तुटली नव्हती, गोठलेल्या तेलातून दातेरी चाक मोकळं झालं होतं. पट्टा कडीकडीने सरकला, पुढून खाली उतरला, मागून वर चढला. जोडीदार टेबलावर वाकला. त्याचा हात हवेतच तोफेचं चाक फिरवू लागला.

रणगाड्यामागे टेबलावर दोन पांढरट, चिकट रेघा उमटल्या होत्या. सासऱ्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, टँकची वेणी घालणार होतात काय?"