नव्या सायलेन्सरचं हळदकुंकू

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही तोंड कडू होतं. नोकरीत मी मोठमोठे दरोडेखोर धरले. एका पळणाऱ्या आरोपीच्या मागे तर इतका धावलो की शेवटी तोच थांबून म्हणाला, "साहेब, आधी पाणी प्या." ते सगळं विसरलो. एक सायलेन्सर तेवढा विसरता येत नाही.

नेकनूरच्या बाजूला एका पुढाऱ्याच्या रानात धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. लेंडीखतासाठी शेतात मेंढरं बसवायची आमच्याकडे रीतच आहे. पहाटे कळप रस्ता ओलांडत असताना एका गाडीनं मेंढक्याला उडवलं, मेंढ्या चिरडल्या आणि ती न थांबता निघून गेली. माणूस जागेवर गेला.

फिर्याद द्यायला त्याची बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदारानं नेहमीचा प्रश्न टाकला, "गाडीचा नंबर?"

"नंबर न्हाई बघितला. धाकल्या मालकाची गाडी व्हती." धाकले मालक म्हणजे पुढाऱ्याचा मुलगा.

"नंबर बघितला न्हाई, मग त्याचं नाव कावून घेती?"

"मी पाठमोरी बिऱ्हाड बांधत व्हते. पर आवाज वळखते की! आमी त्यांच्याच रानात हाव. त्यो आवाज आला की मेंढरं बुजायची."

"बाई, आवाजाला नंबरप्लेट नसती."

मी केबिनमधून बाहेर आलो. म्हटलं, "अज्ञात वाहन लिहा. आणि बाई काय सांगते ते शब्दाला शब्द लिहा."

धाकल्यानं रुबाबासाठी जीपच्या सायलेन्सरची आतली जाळी काढून टाकली होती. गाडी नेकनूरात चालू केली की मांजरसुंब्याच्या हॉटेलात बशीतला चहा सांडायचा, हे मी शपथेवर सांगतो. पण गावात चौकशी केली तर सगळे बहिरे. "कसला आवाज साहेब? आमी तर कधी ऐकला न्हाई."

मग खबऱ्याचा फोन आला. "साहेब, धाकल्यानं बीडहून नवा सायलेन्सर नेला. मेकॅनिक न्हाई बोलावला. पानेबी इकत घेतले."

इथं माझे कान उभे राहिले. ज्यानं जन्मात गाडीवर बादलीभर पाणी ओतलं नाही, तो अंगणात गाडीखाली झोपून नटबोल्ट खोलतो? गॅरेजवर दहा डोळे असतात, म्हणून त्यानं ते काम घरी केलं.

दोन पंच घेऊन गेलो. धाकल्याच्या बोटांची सालटी निघालेली, नखांत काळं.

"हाताला काय झालं?"

"गुलाबाची कलमं लावली, साहेब."

"तुमच्या गुलाबाला ग्रीस लागतं वाटतं. गाडी चालू करा."

केली. मांजर घोरावं एवढाच आवाज. "बघा साहेब, पहिल्यापास्नं आशीच हाय."

मग मी वर्दीसकट गाडीखाली शिरलो. माझ्या पोटानं गाडी दोन इंच वर उचलली गेली, पंच साक्षीला आहेत. वरती सगळा तळ चिखलानं माखलेला, आणि मधोमध नवाकोरा सायलेन्सर. त्यावर हळदकुंकवाची बोटं! एका कडेची हळद अजून पिवळीधमक.

ओसरीवर धाकल्याची म्हातारी आई बसली होती. गाडीखालूनच हाक मारली, "आई, इथं पूजा कुणी केली?"

"मीच की! नवी वस्तू घरात आली, हळदकुंकू लावल्याबिगर बसवत्यात व्हय? ह्यो नको नको म्हणत व्हता. म्या म्हणलं, गाडीच्या हातनं वंगाळ घडलंय, आता तरी..."

"आये, गप बैस!" धाकला ओरडला.

"आणि जुना कुठाय, आई?"

म्हातारीनं लेकाच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती घाबरली. तोंड मिटलं, पण नजर कडब्याच्या गंजीकडं गेलीच. गंजीतून सायलेन्सर निघाला. तापल्या लोखंडावर लोकर भाजून चिकटली होती. तिथंच पंचनामा केला, सील लावलं. लोकर त्याच मेंढ्यांची, असा पुढे प्रयोगशाळेचा अहवालही आला.

गाडी सापडली. आता चालवणारा. धाकला ठाण्यात एकच वाक्य घोकत राहिला, "मी घरी झोपलो व्हतो. चावी कुणीबी घेतं."

दुसऱ्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर वकिलाला घेऊन हजर. "गाडी मीच चालवत व्हतो."

"सायलेन्सर कुणी बदलला?"

"मीच."

"पाना कितीचा लागला?"

तो वकिलाकडं बघायला लागला. त्याच्या हातावर ओरखडा नव्हता. वकील बाहेर गेल्यावर मी विचारलं, "कावून दुसऱ्याचं अंगावर घेतो बे?"

"साहेब, माझं घर त्यांच्याच जागेत हाय," एवढंच बोलला.

कोर्टात म्हातारी म्हणाली, "मला काय आठवत न्हाई." लोखंडाच्या नळकांड्यालाही हळदकुंकू लावणारी बाई, देवाची शपथ घेऊन खोटं बोलली. पंचांनी सायलेन्सर पाहिला होता, तिचं बोलणं मात्र ऐकलं नव्हतं. गाव बहिरं होतंच, त्यात दोघांची भर. शिक्षा ड्रायव्हरला झाली, धाकला सुटला.

कुशल तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. तालुक्याच्या कार्यक्रमात ते माझ्या हाती दिलं त्याच पुढाऱ्यानं. वर खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आसे अधिकारी पायजेत."

नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, वस्तू खोटं बोलत नाही, तिच्यामागं लागा. ऐकणारे माना डोलावतात. पुढचं मी सांगत नाही. वस्तू तुम्हाला घरापर्यंत नेते. घरात कोण कुणाचं मिंधं आहे, तिथं तिचं काही चालत नाही, आणि आपलंही नाही.

निकालाच्या दिवशी मेंढक्याची बायको कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मी म्हटलं, "बाई, शिक्षा झाली."

तिनं मान वर केली. "त्यो डायवर आमच्या बिऱ्हाडावर भाकरी खाऊन जायचा साहेब. आवाज तुमी धरला. मारणारा कावून सोडला?"

मी टोपी काखेत धरून तिथंच उभा राहिलो. ती उठली, पदर सारखा केला आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागली.