काळा दाणा म्हणजे होकार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेल्या गोष्टीही तिला बहुतेक माहीत असतात, त्यामुळे ही एवढी एक तिच्यापासून कशी लपली याचं मलाच नवल वाटतं. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

मला थाटामाटाचं हसू येतं. म्हणजे, येत असे. जर्मनीतल्या एर्लांगेनच्या आमच्या मराठी मंडळात शाल-श्रीफळ सुरू झालं की मी मागच्या खुर्चीवरून काहीतरी कुजकट बोलायचो. मग त्यांनी मलाच अध्यक्ष केलं. शाल घालताना माझे खांदे आपोआप पुढे झाले — पण ही किरकोळ कबुली. खरी वेगळी आहे.

त्या दिवसांत मी जुन्या फ्लोरेन्सबद्दल वाचत होतो. राजा नाही. नागरिकच कारभारी. पदं थोड्या महिन्यांची, म्हणजे कुणाला खुर्चीची सवय लागू नये. मत द्यायचं ते कडधान्याच्या दाण्यानं — काळा दाणा म्हणजे होकार, पांढरा म्हणजे नकार — मुठीत लपवून पिशवीत टाकायचा. मी भारावून गेलो होतो. आमच्या फरआइनच्या, म्हणजे नोंदणी केलेल्या मंडळाच्या, नियमांत गुप्त मतदान एवढंच लिहिलेलं. कशानं, ते नाही. मग तुर्की दुकानातून पांढरा राजमा आला, सुपरमार्केटातून काळा, आणि मी नागरिक, समता, लोकहित यांवर भाषण ठोकलं. थाटाला हसणारा माणूस — मखमली पिशवी हातात घेऊन!

पुढच्या अध्यक्षपदाला उमेदवार एकटी मेधा होती. प्रयोगशाळेत काम करणारी, नवरा मार्टिन जर्मन, मुलगी लीना मराठी समजणारी पण उत्तर जर्मनमध्ये देणारी. गणपतीत मुलांसाठी थोडं जर्मनमधूनही करू या, असं मेधाचं म्हणणं होतं. "नाहीतर पोरं फक्त मोदकांपुरती येतात." तिला नकार मिळाला, तर मीच अध्यक्ष राहणार होतो. हे मला भाषणभर आठवत होतं का? होतं.

भाषण संपलं तसा तिनं हात वर केला. "काका, तुमच्या त्या फ्लोरेन्समध्ये बायकांना मत होतं का हो?"

नव्हतं, म्हटलं.

"आणि लोकर पिंजणाऱ्या मजुरांना?"

तेही नव्हतं.

"मग होतं कुणाला? काकांना?"

सगळा हॉल हसला. मग कुणीतरी मार्टिनला जर्मनमध्ये समजावलं आणि तो उशिरा, एकटाच हसला. ते दुसरं हसू मला जास्त लागलं. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून माणूस असं वागतो? वागतो.

मतदान झालं. मोजायला पिशवी घेऊन मी आतल्या खोलीकडे निघालो, तर स्वयंपाकघरात मंडळातल्या शालिनीकाकू दोन मैत्रिणींना सांगत होत्या — "शुभ कामात काळं कशाला टाकायचं गं? मी आपला पांढरा टाकला मेधासाठी." दोघी म्हणाल्या, "आम्हीही." आणि चहा गाळू लागल्या.

मी दारात होतो. पिशवी बंद होती. परत हॉलमध्ये जायचं आणि म्हणायचं, मंडळी, घोळ झालाय, पुन्हा टाकू या. एवढंच. मी आत गेलो आणि दाणे मोजले. मेधा अगदी थोडक्यात हरली. त्या तिघींचे दाणे काळे असते तर जिंकली असती. मी निकाल वाचून दाखवला. आवाज छान लागला होता.

इथवर असतं तर त्याला भ्याडपणा म्हटलं असतं. पण पुढे आहे.

खुर्च्या उचलताना मेधा जवळ आली. हसत नव्हती. "काका, मी कुणाला नको होते हो?"

मी म्हणालो, "गुप्त मतदान आहे, कसं सांगू?" तिथं थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मार्टिनकडे बघितलं — तिला दिसेल असं बघितलं — आणि म्हणालो, "लोकांना अजून थोडा वेळ लागेल, बाळ."

बाळ म्हणालो मी तिला.

मार्टिनवरून कुणी एक शब्द काढला नव्हता. काकू तर त्याला पुरणपोळी डब्यात भरून द्यायच्या. ते वाक्य माझंच, तिथल्या तिथे सुचलेलं.

मेधा त्यानंतर आली नाही. लीनाही नाही. काकू बरेच दिवस एकेकाकडे रोखून बघत — "कुणी केलं हे? चांगली पोरगी घालवलीत!" माझ्याकडेही बघायच्या, मी त्यांना चहा द्यायचो. शेवटी म्हणाल्या, हरली म्हणून रुसली, गर्विष्ठच निघाली. त्यावरही मी काही बोललो नाही. काकू आता नाहीत.

गेल्या आठवड्यात बसमध्ये लीना भेटली. मोठी झालीय. मी मराठीत विचारलं, आई कशी आहे? तिनं विनयानं, जर्मनमध्ये, मला काय हवं आहे असं विचारलं. तिला आता मराठी समजतही नाही. मी म्हणालो, काही नाही.

त्या पिशवीत माझाही दाणा होता. पांढरा. नियम मीच समजावून सांगितला होता, तेव्हा माझी चूक झाली असं म्हणता येणार नाही.