शेजारच्या काकांचं दुसरं बारसं

"मी मेलो तेव्हा काही अडलं नाही, आता काहून अडेल?" असं म्हणून शेजारचे काका धोतराचा सोगा झटकायचे आणि सगळ्यांनी जे करू नका म्हणून सांगितलेलं असे, नेमकं तेच करायला निघायचे.

ऐकणाऱ्याला वाटे, बोलायची एक पद्धत असते माणसाची. पण काका रीतसर मेलेले होते.

मी लग्न होऊन जबलपुरात, दीक्षितपुऱ्यात आले, तेव्हा त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. जंगल खात्याच्या कचेरीतले कारकून. कार्तिकात ग्वारीघाटावर स्नानाला गेले ते परतलेच नाहीत. पायरीवर कोट, छत्री आणि जोडे तेवढे सापडले. पाणी खोल, काकांना पोहता येत नव्हतं, मग पुढचं सांगायला जोतिषी कशाला हवा? देह मिळाला नाही म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून पुतण्यानं त्याला अग्नी दिला. मूलबाळ नव्हतं. काकूंचं कुंकू पुसलं गेलं, आणि त्या माझ्या सासूबाईंच्या शेजारी येऊन बसू लागल्या. सासूबाई फार वर्षांच्या विधवा. कुठलंही मंगलकार्य असलं की या दोघींची जागा मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांपाशी.

तीन पावसाळे गेले. एका दुपारी काकूंच्या दारात दाढीवाला बैरागी उभा राहिला. मी समोरच गहू निवडत होते. काकू वाटीभर पीठ घेऊन बाहेर आल्या. बैरागी म्हणाला, "अगं, मी आहे." काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणलेलं पीठ आधी त्याच्या झोळीत ओतलं आणि मग त्या पायरीवर मटकन बसल्या.

झालं होतं असं. नर्मदेची परिक्रमा करणारी मंडळी नदी उजव्या हाताला ठेवून समुद्रापर्यंत जातात आणि दुसऱ्या काठानं परत येतात. मध्येच ती ओलांडायची नाही, की अर्ध्यातून परतायचं नाही. अशी एक टोळी भजन म्हणत घाटावरून चालली होती. काका ओल्या धोतरानं त्यांना वळणापर्यंत पोचवायला गेले. वळणाशी भजन ऐन रंगात होतं. चार मुक्काम पुढे गेल्यावर त्यांना घर आठवलं, तेव्हा एका पेढेवाल्याकडे निरोप दिला. तो पेढेवाला अजून यायचा आहे.

काका गेले आणि आले यात मला खरी गंमत वाटते ती त्यांच्या चौकश्यांची. आपल्या मरणाची त्यांनी बारीकसारीक माहिती काढली. कोण कोण आलं, कोण रडलं, कोण नुसतंच आलं. कावळा पिंडाला लगेच शिवला, हे कळल्यावर तर त्यांचं तोंड उतरलं. "म्हणजे माझी काही इच्छाच राहिली नव्हती?" असं म्हणत ते दोन दिवस घुश्श्यात होते.

कचेरीत फारसं अडलं नाही. साहेबानं फक्त रजेचं कारण विचारलं. अडवलं ते शास्त्रीबुवांनी. ज्याचे अंत्यसंस्कार झाले, त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागतो. जातकर्म, बारसं, मुंज, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न. तोवर काकांनी ओसरीवर राहायचं.

जन्मासाठी मोठा हंडा आणला. त्यात पाणी आणि तूप घालून काकांना मुठी आवळून, गुडघे पोटाशी घेऊन बसवलं. मंत्र सुरू झाले तोच आतून आवाज आला, "पाणी गार आहे." गर्भ बोलत नसतो, असं शास्त्रीबुवांनी बजावलं आणि मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटले. बारशाला नागपूरहून त्यांची बहीण आली. टोपडं काही केल्या डोक्यात बसेना, म्हणून वरून बांधलं. पाळण्यात काकांचा एकच पाय मावला. आम्ही बायकांनी त्या पायाला झोके दिले.

आता तुम्हीच बघा, मुंज होईपर्यंत पोराला सोवळंओवळं नसतं. हे काकांच्या ध्यानात आलं आणि ते मुंज लांबवत राहिले. आंघोळीआधी जेवत, स्टेशनावर जाऊन कोणाच्याही हातचा चहा पीत. शास्त्रीबुवा रागावले की नम्रपणे सांगत, "लहान आहे जी मी."

पण लग्नाचं घोडं अडलं होतं. गल्लीनं धरून चाललं होतं की काकू आनंदानं उभ्या राहतील. काकांनी माझ्यामार्फत विचारलं, तेव्हा काकू भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मरताना मला विचारलं नव्हतं त्यांनी. लग्नाला तर विचारावं लागते न? विचार करून राहिले मी."

मी हे सांगितल्यावर काकांचं स्टेशनावर जाणं बंद झालं. ओसरीवर बसून आत-बाहेर करणाऱ्या काकूंकडे बघत राहायचे. कुठल्या नवऱ्याला आपल्या बायकोचं वैधव्य बघायला मिळतं? यांना रोज दिसत होतं. बायको नकोच म्हणाली तर काय, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. त्यांनी मुंजीला रुकार दिला.

मुंजीत बटूनं भिक्षा मागायची असते, आणि वाढायच्या सुवासिनींनी. लंगोटी नेसलेले, हातात दंड घेतलेले, पंचेचाळिशीचे काका पुढे आले, तेव्हा आम्ही तोंडावर पदर घेऊन हसत होतो. पण ते आमच्यासमोर थांबलेच नाहीत. सरळ मागच्या खोलीत गेले आणि काकूंपुढे झोळी पसरून उभे राहिले. शास्त्रीबुवा धावले. तिथं मागू नका, अशुभ असतं, म्हणाले.

"मेलो मी," काका म्हणाले, "अन् मागे ही काहून बसली?"

शास्त्रीबुवा पोथीची पानं उलटायला लागले. काकू आधी ओठ दाबून राहिल्या. मग त्या लंगोटीकडे बघून त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. त्यांनी एक लाडू झोळीत टाकला, दुसरा माझ्या सासूबाईंच्या हातात देऊन त्यांच्याकडून टाकवला. म्हणाल्या, "करते मी लग्न. पण ह्या समोर बसतील."

बसल्या. सासूबाई सारख्या उठून आत जायला बघत होत्या. काकूंनी बोहल्यावरून त्यांचा पदर धरून ठेवला होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा काका इतके लाजले की पहिल्या लग्नात ते असे नव्हते, हे काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं.

पुढे पुष्कळ वर्षांनी काका खरोखरच गेले. या वेळी अंथरुणात, सगळ्यांच्या देखत, शंकेला जागा न ठेवता. गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांतली एक थोरली पदराचं ओलं टोक घेऊन काकूंच्या कपाळाकडे वळली. काकूंनी तिचा हात हळूच बाजूला केला.

"ह्यांच्यासाठी एकदा पुसून झालं," त्या म्हणाल्या. "आता नाही."

जन्मात कोणाला उलट न बोललेल्या माझ्या सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." थोरलीनं पदर पिळला आणि ती भिंतीशी जाऊन बसली. मग काकू मोठमोठ्यानं रडायला लागल्या. पहिल्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, असं सासूबाईंनी मला मागाहून सांगितलं.