लोटू आबांचा झाडा

डिंडोलीत लोटू आबांना चीटर म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्यानं म्हटलं तो माणूस नव्हताच, आणि तिथंच तर खरी आग आहे. माणूस असता तर त्याची गचांडी धरून विचारता आलं असतं, की बाबा, काय पाहिलंस तू, कुठं पाहिलंस? कंप्युटरच्या पडद्यावरच्या लाल पट्टीची गचांडी कशी धरायची, सांगा.

लोटू आबा तरुणपणी अमळनेरकडून सुरतेला आले आणि उधन्याच्या लूम्सच्या कारखान्यात त्यांनी सगळी उमर घातली. त्या खडखडाटात कान अर्धे गेले, डोळे मात्र शाबूत राहिले. समोरच्या लूमवर हात चालू असताना चौथ्या लूमची तार तुटलेली त्यांना दिसायची. पलीकडच्या रांगेत हेमराज असायचा. गावं जवळजवळची, खोलीही एकच, आणि लग्नंसुद्धा एकाच उन्हाळ्यात झालेली. कारखान्यात बोललेलं ऐकूच यायचं नाही, म्हणून दोघं भुवयांनी आणि बोटांनी बोलायचे. भुवई उडवली की चहा, अंगठा मागं दाखवला की सेठ आला. घरी आल्यावरही बराच वेळ तसंच बोलत बसायचे आणि उषाबाई, म्हणजे आबांची बायको, वैतागायची.

काम सुटल्यावर हेमराज उधन्यातच राहिला. आबा मुलाच्या घरी डिंडोलीला आले. मुलगा ललित पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, सून जयश्री उधन्याच्या एका ऑफिसात कंप्युटरवर साड्यांच्या एम्ब्रॉयडरीची डिझाइनं करते. घर चांगलं, सून गुणाची, पण दिवसभर करायचं काय? टीव्हीवरची भांडणं किती बघायची? मग हेमराजच्या लखननं, म्हणजे त्याच्या मुलानं, दोघा म्हाताऱ्यांना ट्रकच्या खेळाचा नाद लावला.

खेळ असा, की जगभरातली माणसं एकाच घाटात आपापले ट्रक घालतात. दोघादोघांची जोडी. एकानं पुढं जाऊन रस्ता बघायचा, दुसऱ्यानं माल घेऊन मागून यायचं. वाटेत दरडी, पूर, लुटारू, सगळं असतं. बाकीचे खेळाडू कानाला यंत्रं लावून एकमेकांशी ओरडत बोलतात. आबांना काय ऐकू येणार कप्पाळ. त्यांनी आणि हेमराजनं कारखान्याचीच रीत चालवली. पुढच्या ट्रकचा दिवा एकदा लुकलुकला की दरड, दोनदा लुकलुकला की लुटारू. रोज सकाळी चहा झाला की आबा डिंडोलीत बसायचे, हेमराज उधन्यात बसायचा, आणि दोघं मिळून कुठल्याशा बर्फाच्या डोंगरातून माल पोचवायचे. उषाबाई म्हणायची, कारखाना सुटला पण पाळी काही सुटली नाही.

आबांचा कंप्युटर अगदी रद्दी होता. प्रत्येक वळणावर ट्रक गोठायचा आणि दरीत जायचा. गेल्या वर्षी जयश्रीच्या ऑफिसातले कंप्युटर भंगारात निघाले. का, तर विंडोज दहाची देखभाल बंद झाली आणि नवीन विंडोज त्या मशीनांवर चढेना. आता ऐका. ह्या सुरतेत बापाच्या वेळची लूम पोरगा चालवतो, तेल घालतो, पट्टा बदलतो, कापड निघतंच. आणि इथं धडधाकट मशीनं भंगारवाल्याच्या टेम्पोत. जयश्रीला ते बघवेना. एक मशीन तिनं मागून घरी आणलं, आणि ऑफिसातल्या नितीननं त्यावर लिनक्स घालून दिलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी यंत्रणा, कुणालाही फुकट मिळणारी.

नितीन म्हणाला, "पूर्वी लिनक्सवर खेळ खेळतो म्हटलं की लोक हसायचे, ताई. आता विंडोजसाठी केलेले हजारो खेळ त्याच्यावर चालतात. मधे एक दुभाषी बसतो. खेळ आपल्या भाषेत बोलतो, तो लिनक्सला समजावून सांगतो. हातात धरायची खेळाची मशीनंसुद्धा आता लिनक्सवर यायला लागलीत. दर वर्षी माणसं वाढतायत."

आबांना दुभाष्याशी काही घेणं नव्हतं. ट्रक गोठायचा थांबला, एवढं त्यांना कळलं. आता ते डोळे कामाला आले. कोपऱ्यातली दरड, झाडामागचा लुटारू, सगळं आधीच दिसायला लागलं. ही जोडी भराभर वर चढली. हेमराज खूश होता, पण मधूनच म्हणायचा, "भो, तू भलताच तेज झाला रे." आबा हसायचे. त्यात काही काटा असेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

चैत्रातली ती सकाळ. आबा पुढं, हेमराज मागं, घाट जवळजवळ संपत आलेला. एकदम आबांचा पडदा काळा झाला आणि मधे लाल पट्टी आली. आबांनी जयश्रीला हाक मारली. ती पोळ्या टाकून आली आणि मनातल्या मनात वाचू लागली.

"काय लिहिलंय, बेटा?"

"आबा, काही नाही. मशीन अडकलंय."

"लाल रंगात काही नाही असं लिहीत नसतात. वाच."

तिनं वाचलं. लोटूआबा या खेळाडूला चीटिंगबद्दल कायमचं काढण्यात आलं आहे. आणि ही पट्टी फक्त आबांना दिसली असती तर गिळून टाकली असती. ती घाटातल्या प्रत्येक खेळाडूच्या पडद्यावर गेली. उधन्यात लखननं आपल्या बापाला मोठ्यानं वाचून दाखवली.

आबांनी हेमराजला फोन लावला. हेमराज म्हणाला, "तरी मी म्हणतच होतो. मशीन बदललं अन् हा एकदम इतका पुढं कसा गेला?" आणि फोन ठेवला.

दिवसभर आबा जेवले नाहीत. उषाबाई आधी हसली, म्हणाली, "खेळच तर आहे, तुम्हाला काय कुणी कामावरून काढलं?" मग त्यांच्या तोंडाकडं बघून तिनं ताट झाकून ठेवलं. संध्याकाळी ललित आला. तोही तसलाच. म्हणाला, "आबा, दुसरा गेम खेळा ना. ढीगभर आहेत." जणू चपलेचा अंगठा तुटला होता.

जयश्रीनं मात्र शोध घेतला. खेळाच्या कंपनीनं एक नवीन पहारेकरी बसवला होता, कुणी लबाडी करतो का ते बघणारा प्रोग्रॅम. तो खेळणाऱ्याच्या मशीनमध्ये शिरून सगळं तपासतो. लिनक्सवर त्याला मधला दुभाषी दिसला. ओळखीचा नाही, म्हणजे चोरच, असं ठरवून तो मोकळा झाला. जगभरातल्या कितीतरी लिनक्सवाल्यांवर त्याच सकाळी हा शिक्का बसला होता.

"म्हणजे मी काय केलं म्हणून नाही," आबा हळू आवाजात म्हणाले, "मी कुठून आलो म्हणून."

हे त्यांना नवीन नव्हतं. सुरतेला आले तेव्हा खोली देताना घरमालक आधी गाव विचारायचे, मग माणसाकडं बघायचे.

जयश्रीनं कंपनीला लिहिलं. उत्तर इतक्या लगेच आलं की कुणी वाचलं असेल अशी शंकाच नको. आमच्या यंत्रणेची खात्री पटली आहे, निर्णय अंतिम आहे, या विषयावर पुन्हा लिहू नये.

"झाडा कुठं द्यायचा, ते विचार त्यांना," आबा म्हणाले.

जयश्री नाशिकची. तिला झाडा समजला नाही. मग आबांनी सांगितलं.

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि बापे पत्त्याला बसतात. ती रीत डिंडोलीतही आली. बाबुराव नावाचे जुने विणकर आहेत, त्यांच्या गच्चीवर हिरवी जाळी बांधून हे सगळे म्हातारे बसतात आणि शेंगदाण्यांवर खेळतात. त्या बैठकीत कुणी कुणावर पत्ता लपवल्याचा आळ घेतला, की खेळ तिथंच थांबतो. ज्याच्यावर आळ, तो उभा राहतो. टोपी काढून झाडतो, खिसे उलटे करतो, बसायचं पोतं उचलून दाखवतो. ह्याला म्हणायचं झाडा. आळ घेणाऱ्यानं तो डोळ्यांनी बघायचा. पत्ता निघाला तर तो माणूस उठला तो उठलाच, पुन्हा कधी बैठकीत नाही. नाही निघाला तर आळ घेणारा स्वतः पत्ते पिसतो आणि पहिलं पान त्या माणसापुढं टाकतो. माफी वगैरे बोलायची गरज नसते.

"झाडा घेतल्याशिवाय कुणाला उठवत नाहीत, बेटा," आबा म्हणाले. "गावातला दारुडासुद्धा झाडा देतो. मला ह्यांनी तेवढंही ठेवलं नाही. अन् हेमराजनं..."

आखाजी जवळ आली. दर वर्षी बाबुरावांचा निरोप आठवडाभर आधी यायचा. यंदा आला नाही. डिंडोली आणि उधना काय लांब आहे? कळायचं ते कळलं होतं. बाजारात निंबा नावाचा त्याच बैठकीतला एकजण भेटला, तर आबांना बघून कलिंगडं ठोकत बसला. आबांना कसलाच पत्ता लपवता येत नाही हे ज्यानं उभ्या आयुष्यात पाहिलंय तो माणूस कलिंगडं ठोकत होता. राग कुणाचा करायचा? कंपनी तर परदेशात बसली आहे. ही आपली माणसं, एका पंगतीला जेवलेली, एका खोलीत तापानं फणफणलेली. ह्यांनीसुद्धा पडद्यावरचं खरं मानलं आणि माणूस खोटा ठरवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

आखाजीच्या आदल्या दिवशी जयश्री ऑफिसातून धावतच आली. कंपनीचं पत्रक आलं होतं. लिनक्सवाल्यांनी जगभरातून इतकी बोंब मारली, की शेवटी कंपनीला तोंड उघडावं लागलं. काही खेळाडूंवर चुकून कारवाई झाली, त्यांची खाती पूर्ववत केली आहेत, आपल्या संयमाबद्दल आभार. आणि भेट म्हणून प्रत्येकाच्या ट्रकला सोनेरी भोंगा.

"भोंगा," आबा म्हणाले.

"हो आबा. सोनेरी."

"लाल पट्टी सगळ्यांना दाखवली होती ना? हे कुणाला दाखवलं?"

"हे पडद्यावर कुणालाच नाही दाखवलं. नुसतं कंपनीच्या पानावर टाकलंय, शोधेल त्याला दिसेल."

आबा किती तरी वेळ हसले, आणि ते हसणं उषाबाईला मुळीच आवडलं नाही. मग ते म्हणाले, "हेमराजला कळवायचं नाही. कुणीच नाही. उद्या आखाजी आहे. बघू."

काय बघायचं होतं ते घरात सगळ्यांना समजलं. ललितनंसुद्धा मान खाली घातली.

आखाजीच्या दिवशी उषाबाईनं पितरांची घागर पुजली, सांजोऱ्या तळल्या, आमरस केला. गल्लीत पार्किंगच्या तुळईला झोका बांधला होता, त्यावर पोरी बसल्या होत्या. आबा धुतलेली टोपी घालून सकाळपासून ओट्यावर बसले. जेवणं झाली. ऊन चढलं. दोन गल्ल्या पलीकडं बाबुरावांच्या गच्चीवर हिरवी जाळी दिसत होती.

आणि हेमराज आला. रिक्षातून उतरला, हातात आंब्यांची पिशवी, खिशात पत्त्यांचा जोड. आबांचा चेहरा असा उजळला, की दारात उभ्या जयश्रीला भरून आलं. आबा अर्धे उठलेसुद्धा.

हेमराज पायरीवरूनच म्हणाला, "लोटू, लखननं वाचलं मोबाईलवर. कंपनीनं कळवलं, तुझी काही चूक नव्हती. चल भो, बाबुराव वाट बघतो."

आबा परत खाली बसले.

"कंपनीनी सांगं म्हनीसन उना का तू?"

कंपनीनं सांगितलं म्हणून आलास का. एवढंच विचारलं. हेमराजनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"तसं नाही रे..."

"मग कसं? कंपनीनं चोर म्हटलं तेव्हा तू चोर म्हटलंस. कंपनीनं साव म्हटलं तेव्हा तू साव म्हणतोस. कंपनी मला ओळखत नाही, हेमराज. तिला मी माफ केलं. तू माझ्या शेजारी उभा होतास. तुझ्या पोराला टायफॉइड झाला तेव्हा तुझ्या लूम्स मी चालवल्या, एक तार सुटू दिली नाही. अन् तू मला झाडासुद्धा मागितला नाहीस. मागितला असतास तर मी उधन्याला चालत आलो असतो."

झोक्यावरच्या पोरींनी झोका थांबवला. हेमराज खिशातून पत्ते काढून खाली मान घालून पिसायला लागला. रीतीप्रमाणं पहिलं पान टाकून मोकळं व्हायचं त्याच्या मनात होतं.

"थांब," आबा म्हणाले. "पान मागून."

ते उठून ओट्याच्या मधोमध उभे राहिले. टोपी काढली आणि झाडली. सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. एक सुपारी आणि घराची किल्ली खाली पडली. बसायचं पोतं उचलून दोन्ही बाजूंनी दाखवलं. मग हात पसरून तसेच उभे राहिले, ऐन उन्हात, शेजारीपाजारी बघत असताना. उषाबाईनं तोंडाला पदर लावला.

हेमराज पत्त्यांकडंच बघत होता.

"वर बघ," आबा म्हणाले.

त्याला बघवेना.

आबांनी भुवई उडवली नाही, बोट दाखवलं नाही. कारखान्याची खूण त्यांनी एकही वापरली नाही. परक्या माणसाला सांगतात तसं स्पष्ट म्हणाले, "वर बघ, हेमराज. तुझ्या डोळ्यांनी बघ, अन् मग पान टाक."