साखरेचा कट्टा

नरसम्मा अक्काच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. वेळ ती वळून झालेल्या बिड्यांत मोजायची. चहाला उकळी यायला बारा बिड्या, स्टेशनावर चालत जायला सत्तर. सोलापुरात मास्तरकी मिळाली आणि मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आलो, त्या दिवशी तिने विचारलं, "शाळा किती लांब हाय, मास्तर?" मी म्हटलं, वीस मिनिटं. तिने माझी चाल पाहिली, माझी चप्पल पाहिली आणि सांगितलं, "पस्तीस बिड्या. पावसात पन्नास." मी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून गेलो. घड्याळ चुकीचं निघालं.

मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि तिच्या बोटांना थांबणं माहीत नाही. पंचवीस बिड्या झाल्या की दोऱ्याने आवळून कट्टा बांधायचा. रोज हजार बिड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथला चेकर एकेक कट्टा तपासायचा आणि नापसंत बिड्या बाईच्या डोळ्यांदेखत मोडून टाकायचा. त्याला छाट म्हणत. पंधरा वर्षांत अक्काचा एकही कट्टा छाटीवाचून सुटला नव्हता. चेकर लग्नाला मुलगी पाहायला गेला आणि सवयीने तिलाही छाट करून आला, म्हणून तो बिनलग्नाचा राहिला, असं चाळीत सगळे मानत. मीही मानतो.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. रेशनच्या रांगेचं शेपूट पार तिकडच्या मोडनिंब गावापर्यंत जायचं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. ते त्याच्या अलीकडेच संपायचं. दुकानदाराने कंटाळून कुपनं काढली: धान्याला पांढरं, रॉकेलला हिरवं, साखरेला गुलाबी. प्रत्येकावर खोलीचा नंबर आणि शेवटची तारीख. तरी चाळीत गोंधळच. कुणाचं कुपन डाळीच्या डब्यात, कुणाचं देवाच्या तसबिरीमागे. आठ नंबरवाल्यांचं रॉकेलचं कुपन शेळीने खाल्लं, आणि ती शेळी पुढे चार दिवस चुलीजवळ बांधायची कुणाची छाती झाली नाही.

अक्काला दुःख रांगेचं होतं. ती म्हणायची, "तितं रांगेत माझ्या चारशे बिड्या उभ्या ऱ्हात्यात की, मास्तर." एके दिवशी तिने तेवीस बिऱ्हाडांची कुपनं ताब्यात घेतली आणि पाळी लावून दिली. एकाने जायचं, सगळ्यांचं आणायचं, बाकीच्यांनी आपापली कामं करायची. तेवीस घरांची रांग एका माणसावर आली. फक्त तिच्या तंबाखूच्या हातांनी कुपनं मळायची आणि मळकं कुपन दुकानदार घ्यायचा नाही. त्यावर तिने तोड काढली. प्रत्येक कुपन बारीक वळायचं, त्याला वरून उरलेल्या पानाची गुंडाळी, टोकं दाबून बंद, आणि एकेका रंगाचा एकेक कट्टा. कुपनं तेवीस, पण तिच्या हाताला पंचविसाशिवाय दोरा ओढता येईना. म्हणून प्रत्येक कट्ट्यात दोन कोरे कागद वळून घातलेले असत.

दिवाळीला साखर जादा मिळणार होती आणि लगेच पुढे अक्काच्या मुलीचं, लक्ष्मीचं लग्न होतं. व्याह्यांनी हुंडा मागितला नव्हता. पंगतीला बुंदीचे लाडू मात्र हवेच म्हणाले होते. अख्ख्या चाळीने आपली जादा साखर लक्ष्मीला दिली. गुलाबी कट्टा तयार झाला. कुपनांच्या शेवटच्या दिवशी अक्काने दुकानात जायला कुपनांचा डबा उघडला, तर आत अस्सल बिड्यांचा कट्टा. गुलाबी कट्टा सुपातच राहिला होता, आणि लक्ष्मी सकाळी ते सूप उचलून कारखान्यात माल देऊन आली होती.

अक्का ओरडली नाही. "सायकल काढा," एवढंच म्हणाली. दुकान बंद व्हायला तिच्या हिशेबाने दोनशे बिड्या होत्या. मागे अक्का बसल्यावर माझी सायकल चिंचोळीच्या चढावरचा ट्रक चालावा तशी चालली, पण पोचली.

कारखान्यात पास झालेल्या कट्ट्यांचा ढीग छपराला लागला होता. मी तिथेच आशा सोडली. चेकर खुर्चीत बिडी ओढत बसला होता. पास झालेल्या कट्ट्यातली एक ओढून पाहायचा त्याचा रिवाज होता. मला धुराचा वास आला. शाळेत जुन्या उत्तरपत्रिका जाळतो तेव्हा असाच येतो. अक्काने त्याच्या पुढ्यातला सुटा कट्टा ओळखला आणि सगळं सांगितलं.

पंधरा वर्षांत प्रथमच त्याने अक्काचा एक कट्टा एकही छाट न काढता पास केला होता. तो हाच.

चेकर म्हणाला, "पास झालेला माल दाराभायेर जात न्हाय." त्याचंही बरोबर होतं. मालकाचा नियम तसा होता. शिवाय त्याने कागद पास केला हे कबूल करायचं तर त्या शेडमध्ये बिड्या वळत बसलेल्या साठ बायांसमोर. बायांचे हात थांबले होते.

अक्का खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "पंधरा वर्सं म्या रडलंय, छाट करू नका म्हून. आज हात जोडतंय, चेकरसाब. समदी छाट करा. पोरीचं लगीन हाय."

चेकरने हातातली बिडी विझवली. कट्ट्यातली एक उचलली, मोडली. गुलाबी कागद पडला. दुसरी मोडली. चोवीसच्या चोवीस त्याने नेहमीच्याच चेहऱ्याने मोडल्या. कोरे कागद आले तेव्हा ते उलटून पाहिले.

"ह्यात काय न्हाय," तो म्हणाला.

"ती भरती हाय," अक्का म्हणाली.

त्याने वहीत लिहिलं: एक कट्टा, पूर्ण छाट. आणि बायांकडे न बघता चष्मा पुसत बसला. बावीस कुपनं घेऊन आम्ही दुकान गाठलं तेव्हा दुकानदाराने फळी लावायला हात घातला होता. त्याने कुपनं हुंगली, शिंकला आणि साखर दिली.

अक्काला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. तिची आठवण निघते तेव्हा मला ती पंगतच दिसते. चेकरला तिने स्वतः जाऊन आमंत्रण दिलं होतं. तो माझ्या शेजारी बसला. वाढायला अक्का. प्रत्येकाच्या पानात दोन लाडू पडत आले, माझ्या पानात एकच. मी वर पाहिलं.

"तुमचं कुपन ह्यांनी वडलं की, मास्तर," चेकरकडे हनुवटी करून ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडे सरकली.

चेकरने आपल्या पानातला एक लाडू उचलला, उजेडात धरून चारी बाजूंनी पाहिला आणि माझ्या पानात ठेवला.

"पास हाय," तो म्हणाला.