दहा फेकींचा व्हिडिओ

महामारीत नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात, विद्यार्थ्यांसाठीच्या आमच्या घरात आम्ही दोघंच उरलो होतो. एक मी, आमच्या कुटुंबातून कॉलेजला गेलेली पहिली. दुसरा वरच्या मजल्यावरचा अमेरिकन फुटबॉल खेळणारा. वय चौतीस, आठ संघ फिरलेला. इथल्या क्लबने त्याला ती खोली घेऊन दिली होती; हंगाम रद्द झाला आणि तो अडकून पडला.

संघात त्याचं काम एकच. वाकून, दोन्ही पायांमधून चेंडू मागे चौदा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात फेकायचा. एवढ्यासाठी पगार देतात, हे मला खरं वाटेना. मी तसं बोललेही असेन, कारण तो हसून म्हणाला, "नीट फेकला तर माझं नावही कोणी विचारत नाही."

जर्मनीतल्या एका संघाला असा माणूस हवा होता. त्यांच्या प्रशिक्षकाने सलग दहा फेकींचा व्हिडिओ मागितला होता. हे जमलं नाही तर खेळ सोडून मेव्हण्याच्या गोदामात कामाला लागायचं, असं त्याने ठरवलं होतं. झेलायला मात्र कोणी नव्हतं. मी शाळेत यष्टिरक्षक होते, म्हणून बिचकत हो म्हटलं. दीड मीटर अंतराचा नियम तर आपोआपच पाळला जाणार होता.

कालव्याकाठच्या गवतावर, सायकलच्या हँडलला मोबाइल बांधला. चेंडू जड आणि टोकदार. सरावात माझा अंगठा सुजला, पण नंतर दहाच्या दहा झेलले. घरी व्हिडिओ बघताना मी शाबासकीची वाट पाहत होते.

त्याने सहावी आणि नववी फेक पुन्हा लावली. दोन्ही चेंडू बाहेर चालले होते आणि मी यष्टीमागच्या सवयीने ते अलगद छातीसमोर ओढून घेतले होते.

"झेललास की हात तिथेच थांबव," तो म्हणाला. "चेंडू कुठे आला ते त्यांना दिसू दे."

"पण यात तुझाच फायदा आहे ना?"

"तिथे झेलायला तू नसशील."

मला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. वारा होता. आठ चेंडू छातीशी आले, एक गुडघ्याशी, एक खांद्याच्या बाहेर. मी हात जागचे हलवले नाहीत. त्याने व्हिडिओ आहे तसा पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं: दोन आठवडे सरावाला ये, मग बघू. मला ते फार थोडं वाटलं. त्याने अर्ध्या तासात दोन बॅगा भरल्या. एक मी सायकलवरून स्टेशनपर्यंत नेली. मास्कच्या वर दिसणारे त्याचे डोळे आनंदी होते की घाबरलेले, मला नीटसं कळलं नाही.